नव्या सहाणेवरचा वेढा

आमच्या निलंग्याच्या घरी लेकरांचं औषध चमच्यानं मोजत नाहीत, वेढ्यांनी मोजतात. सहाणेवर उकळून निवलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे, मुळीचं टोक टेकवायचं आणि गोल फिरवायचं. एक फेरा म्हणजे एक वेढा. खोकला आणि कफ असेल तर ज्येष्ठमधाचे सहा, काकडशिंगीचे तीन, आणि लेकरानं शांत झोपावं म्हणून शेवटी जायफळाचे दोन. माझ्या सासूबाई, ज्यांना घरातले सगळे अव्वा म्हणतात, हे वेढे मोठ्यानं आणि कानडीत मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु. दगडावरून मुळी फिरल्याचा आवाज इतका बारीक असायचा, की दोन आकड्यांच्या मधे कुणीतरी नुसता श्वास घेतंय असं वाटावं.

दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याची, रुद्रेशची, बदली लातूरला झाली आणि आम्ही औसा रोडच्या मागं दोन खोल्या घेतल्या. शिवांश तेव्हा तेरा महिन्यांचा होता. निघताना अव्वांनी मुळ्यांची पुरचुंडी बांधून दिली आणि मी वेढ्यांचे आकडे वहीत उतरवून घेतले. मी मुदखेडची, नांदेडला बीएस्सी केलेली. लिहून घेतल्याशिवाय मला काही खरंच वाटत नाही.

"लिव बाई," अव्वा म्हणाल्या. "उद्या पोरगं शिंकलं तर तेबी टाइमासकट लिवून ठेव."

सहाण मात्र त्यांनी दिली नाही. ती त्यांच्या सासूची, गुरम्मा आज्जींची. मधोमध झिजून तिला वाटीसारखा खळगा पडलेला, आणि हात फिरवला तर दगड आहे हे कळू नये इतकी ती मऊ. ती घराबाहेर जात नाही. मी लातूरला रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या बाईकडून नवी घेतली. तीनदा घासली, वरून उकळतं पाणी ओतलं, उन्हात वाळवली. मुळ्यांना बुरशी आहे का तेही उजेडात धरून पाहिलं. जे जे बघायचं ते सगळं बघितलं असं मला वाटलं होतं.

डिसेंबरच्या थंडीत शिवांशला खोकला झाला. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, साफ आहे म्हणाल्या. साधी सर्दी आहे, आठ-दहा दिवस खोकला राहील, अंगावर पाजत राहा, औषधाची गरज नाही. औषधाची गरज नाही हे ऐकायला चांगलं असतं, पण रात्री कफ घशाशी येऊन घुरघुरायला लागला की त्याचा काही उपयोग होत नाही. चार रात्री तो माझ्या खांद्यावर झोपला आणि मी भिंतीला टेकून बसले. पाचव्या दिवशी सकाळी मला भांड्यांची नावं आठवेनात. अव्वांना फोन केला. त्या म्हणाल्या, गुटी उगाळून दे, आमच्या घरातली सगळी त्याच्यावरच मोठी झालीत.

मी वही उघडली. ज्येष्ठमध सहा, काकडशिंगी तीन, जायफळ दोन. एकही वेढा जास्त नाही. आवाज मात्र वेगळा आला, खरखरीत, मांजरानं दार ओरबाडावं तसा. गुटी दाट झाली म्हणून मी वरून पाणी घातलं आणि चांदीच्या पळीनं सगळी पाजली. अकरा वाजले होते.

अर्ध्या तासात तो झोपला. खोकला नाही, घुरघुर नाही. हाताची मूठ कानाशी, तोंड थोडं उघडं. खोलीभर जायफळाचा वास होता आणि खिडकीतलं ऊन त्या वासासारखंच पिवळं, जड झालेलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला तर वाटलं पाण्याखालून ओरडतोय. मी त्याच्या शेजारी आडवी झाले. फक्त पाठ टेकते, असं स्वतःला सांगितल्याचं आठवतं.

मग मी गुरम्मा आज्जींच्या सहाणेत उभी होते. तिचा खळगा तळ्याएवढा होता, पाणी घोट्यापर्यंत, कोमट. काठ गोल आणि मऊ, कुठंही धरायला जागा नाही, पण भीतीही नव्हती. काठावर कुणीतरी सावकाश मोजत होतं. ओंदु. एरडु. मूरु. पुढचा आकडा येईना. मी पाण्यात उभी राहून वाट पाहत होते. नाल्कु, मी मनात म्हणाले, आता नाल्कु म्हणा.

जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं होतं. शाळेची व्हॅन हॉर्न देत होती. साडेचार. माझा ब्लाऊज दुधानं भिजला होता. त्याच्या दोन पाजण्याच्या वेळा टळून गेल्या होत्या.

शिवांशची मूठ कानाशीच होती. मी ठेवली होती तशीच.

हाक मारली. गालाला हात लावला, तळव्यांना गुदगुल्या केल्या. डोळे किंचित उघडले, मला न बघताच मिटले. पदराचं ओलं टोक कपाळावर फिरवलं तर भुवई हलली, बास. तोंडाजवळ घेतलं तर ओठ मिटलेलेच. त्याच्या गळ्यात लिंगाची छोटी चांदीची डबी असते, ती छातीवर टेकलेली होती. मी मोबाइलचं घड्याळ समोर धरलं आणि डबी किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजलं. हे मला निलंग्याला घरोघरी लेकरं तपासत फिरणाऱ्या आशाताईंनी शिकवलं होतं. वर्षाच्या पुढं श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याच्यावर गेले तर दवाखाना. सव्वीस आले. पण आशाताई असंही म्हणाल्या होत्या, की लेकरू उठवून उठत नसेल, पीत नसेल, तर मोजत बसू नका, निघा.

चप्पल घालताना ओट्यावरची सहाण दिसली. धुवायची राहिली होती. तिच्यावर तपकिरी कडं वाळलं होतं, बोटाच्या पेराएवढं रुंद. आणि शेजारी जायफळ. निलंग्याला त्याच जायफळावर माझ्या दिरांची दोन्ही लेकरं मोठी झाली, शिवांशचं पहिलं वर्ष झालं, तरी ते सुपारीसारखं गोल राहिलं होतं. आता त्याची एक बाजू तिरपी, सपाट झाली होती. दोन वेढ्यांत.

मी सहाण, जायफळ, पुरचुंडी, सगळं पिशवीत टाकलं आणि त्याला छातीशी घेऊन रिक्षात बसले. रिक्षात मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. एक हात त्या डबीवर होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, डोळ्यांत उजेड टाकला, छाती ऐकली. काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, विचारलं. मी काहीही लपवलं नाही, वहीसुद्धा दाखवली. किती या प्रश्नाला मी दोन वेढे म्हणाले आणि पिशवीतून सहाण काढून टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

"ही सहाण नाही, कानस आहे," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. श्वास चांगला आहे, प्राणवायू चांगला आहे, जायफळाची गुंगी आहे, इथंच नजरेखाली ठेवू. मी विचारलं, उठेल ना. त्या म्हणाल्या, उठेपर्यंत इथनं हलायचं नाही, तुम्हीही आणि मीही.

रुद्रेश ऑफिसातून तसाच आला. खाटेच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. तो एकदाच म्हणाला, अव्वाला कळवू का, आणि मी नको म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना काय वाटेल याची भीतीही. शिकलेल्या सुनेला दोन वेढे फिरवता आले नाहीत, हे निलंग्यात किती वर्षं पुरेल याचा मी विचार करत होते, आणि असा विचार आत्ता सुचतोच कसा म्हणून स्वतःला शिव्या देत होते. बाहेर दिवे लागले. यंत्राच्या पडद्यावरचा हिरवा आकडा सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव होत राहिला. मला तो तळ्याचा काठ परत दिसायला लागला.

आणि मग शिवांश खोकला.

ओला, जाड, छातीच्या तळातून आलेला खोकला. चार रात्री तो थांबावा म्हणून मी काय काय केलं होतं. तो परत खोकला, तोंड वाकडं केलं, डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून, मला ओळखून, जोरात रडला. मी त्याला घेतलं. तो इतक्या भुकेनं प्यायला, की डॉक्टरीणबाई पडदा ओढून हसत बाहेर गेल्या.

निघताना त्यांनी मला वहीत लिहायला सांगितलं. जायफळ नको, वेखंड नको, झोप आणणारं काहीच नको. वर्ष पूर्ण झालंय, तेव्हा झोपायच्या आधी अर्धा चमचा मध चालेल, वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटसुद्धा नाही. ज्येष्ठमध द्यायचंच असेल तर आधी मला विचारून, आणि चमच्यानं मोजून. बरगड्या आत ओढल्या गेल्या, श्वास चाळिसाला टेकला, पिणं सुटलं, तर रात्र बघायची नाही. खोकला वाईट नाही, त्या म्हणाल्या, कफ बाहेर काढायला त्याच्याकडं दुसरं आहे काय.

रुद्रेशनं रात्री कळवलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास अव्वा दारात उभ्या. निलंग्याहून पहिल्या एसटीनं आलेल्या, काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गुरम्मा आज्जींची सहाण. मी पाया पडले. त्यांनी आधी शिवांशला घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला, मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, तुझी सहाण आण.

दोन्ही दगड शेजारी ठेवले. दोन्हींवर चार-चार थेंब. जायफळ माझ्या हातात दिलं.

"एक वेढा हिच्यावर, एक तिच्यावर. माझ्यादेखत."

मी फिरवलं. नव्या दगडावर जाड तपकिरी चंद्रकोर उमटली. जुन्या दगडावर पाणी जरासं गढूळ झालं, इतकंच. अव्वांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. परत लावलं.

"म्हंजी गं माय," शेवटी त्या म्हणाल्या, "मी आजवर घरातल्या समद्या लेकरायला नुसतं पाणीच पाजून राहिले की काय?"

मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"ही मी आले तवाच गुळगुळीत होती. मला तरी कुठं दुसरी ठावं. मोजायचं मी तुला सांगितलं, शिवकन्या. तू मोजलंस." त्यांनी जायफळ उचलून मसाल्याच्या डब्यात टाकलं. "हे आता पुरणाला."

रात्रभर मनात तयार केलेली उत्तरं तशीच राहिली. मी पाणी ठेवलं चहाला.

त्या दुपारी शिवांशला आम्ही दोघींनीही झोपवलं नाही. जुनी सहाण धुऊन तिच्या खळग्यात पाणी भरलं, त्यात तो तळवा आपटत बसला. पाणी उडायचं, तो खोकायचा, परत आपटायचा. तीन वाजता तो आपला आपणच कलंडला, अव्वांच्या मांडीवर. खोलीत एकदम शांतता झाली आणि आम्ही एकमेकींकडं बघितलं.

मी मोबाइल समोर धरला. अव्वा डबीवर नजर लावून मोजायला लागल्या. ओंदु, एरडु, मूरु. मी थांबले. नाल्कु, त्या म्हणाल्या. पुढं अय्दु, आरु, आणि तशाच सावकाश. विसाच्या पुढं त्यांचा आवाज बारीक होत गेला. पहाटे तीनला उठून आलेल्या होत्या. पंचविसाच्या आसपास त्यांची मान भिंतीला टेकली.

उरलेले मी मोजले. अठ्ठावीस. मग पुन्हा एकदा मोजले, कारण मला सवय आहे.