शेपटाचे जाकीट

उस्तादाने मोटारसायकलींच्या चाव्या हातात देण्याआधी नियम सांगितला होता. सर्वांत पुढे तो स्वतः. रस्त्याला फाटा आला की त्याच्या मागच्या गाडीने तिथे थांबायचे आणि मागून येणाऱ्यांना वळण दाखवत उभे राहायचे. त्याला उस्ताद खांब म्हणायचा. सर्वांत शेवटचा तो शेपूट, आणि शेपटाच्या अंगात नारिंगी जाकीट. ते दिसेपर्यंत खांबाने जागा सोडायची नाही. दिसले की लगेच पुढे निघायचे, म्हणजे शेपूट शेवटचेच राहते. आणि फाट्यावर खांब नसेल तर सरळ जायचे.

"डोकं चालवायचं नाही," उस्ताद म्हणाला. "डोंगरात डोकं चालवणारेच हरवतात. खांब नाही? सरळ."

डोंगराच्या पायथ्याशी त्याचे गॅरेज होते. बर्फ वितळले की तो हौशी लोकांना कच्च्या वाटांनी डोंगरापलीकडे नेऊन आणायचा. या खेपेला तिघेच होते: चष्म्याचे दुकान चालवणारा दादा, त्याची फिजिओथेरपिस्ट बायको आणि त्याचा धाकटा भाऊ. धाकटा दिवसभर "वहिनी, वहिनी" करत राहायचा, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून उस्तादही तिला वहिनीच म्हणू लागला.

जाकीट धाकट्याच्या वाट्याला आले.

"घरात शेंडेफळ, इथे शेपूट," तो म्हणाला. "मला डोकं कधी करणार?"

"असतं तर केलं असतं," वहिनी म्हणाली.

निघताना सासूबाईंनी फोन मुलांना नाही, तिलाच केला होता. "दोघांना धड परत आण," त्या म्हणाल्या. "मोठ्याचं काही नाही, तो भित्रा आहे. धाकट्यावर लक्ष ठेव."

दोन दिवस नीट गेले. दगड, चिखल, गुडघाभर पाण्याचे ओढे, संध्याकाळी दुखणारे खांदे. दादा नि वहिनी आळीपाळीने खांब झाले, आणि वहिनीच्या प्रत्येक फाट्यावर शेवटी धुळीतून नारिंगी ठिपका आला, हात हलवून आला. तिला त्याची सवय झाली. मागून येणाऱ्याचा चेहरा हेल्मेटमध्ये असतो, गाड्या सगळ्या सारख्या, धुळीने रंगलेल्या. ओळखायचे ते जाकीट.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मोठा ओढा ओलांडून चढ चढल्यावर, ढग रस्त्यावर उतरले. उस्ताद फाट्यावर थांबला आणि वहिनीची गाडी शेजारी येईपर्यंत वाट पाहत राहिला. एरवी तो थांबत नसे.

"आपली वाट उजवीकडे, खाली निवाऱ्याकडे," तो म्हणाला. "सरळ जाते ती जुन्या खाणीची. पुढे पूल आहे. म्हणजे होता. अर्धा वाहून गेलाय, आणि अडसर कुणी लावलेला नाही."

"मागच्यांना माहितीये?"

"त्यांना कशाला सांगू? तुम्ही आहात ना इथे. शेपूट दिसलं की निघा. माझ्या पुढच्या चाकातली हवा जातेय, मी खाली जाऊन ते खोलतो."

त्याच्या गाडीचा आवाज खाली गेला आणि बंद झाला. वहिनी एकटी राहिली. तिने हेडलाइट चालू ठेवला, पण त्याचा उजेड तिच्याच पुढ्यात पांढरा होऊन पडत होता. उजवीकडची वाट दिसेना. सरळ वाट मात्र रुंद होती, खाणीच्या ट्रकांनी दाबलेली, कुणालाही तीच खरी वाटली असती. ती गाडी पुढे घेऊन त्या वाटेच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. मग तिला वाटले, ढगातून येणारा आपल्यावरच आदळेल. ती पुन्हा बाजूला आली. ओले हातमोजे बोटांना चिकटले होते. ती वाट पाहत राहिली, आणि वाट पाहता पाहता तिच्या मनात फक्त एक रंग उरला.

तो आला. चढाच्या टोकाशी, दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर, धुक्यात नारिंगी. तिला इतके हायसे वाटले की दादा कधी पुढे गेला, हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नाही. हात थोपटून ऊब आणताना, पाठ फिरवलेली असताना, गेला असेल. तिने गिअर टाकला आणि उजवीकडे उतरली. आरशात मागचा दिवा तिच्यामागे वळलेला दिसला.

निवारा म्हणजे रस्ता-कामगारांची दगडी खोली होती. आत लोखंडी शेगडी पेटलेली, भिंतीला फावडी टेकलेली. उस्तादाने चाक काढून दारात आडवे ठेवले होते. नारिंगी जाकीट तिच्यामागून अंगणात आले, गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढले.

दादा होता.

"ओढ्यात पडलो," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "अख्खा भिजलो. धाकट्यानं जबरदस्तीनं हे अंगात घातलं. त्याची चेन उतरलीये, बसवून येतोय. अशी काय बघतेस?"

"फाट्यावर कोण आहे?" वहिनीने विचारले.

"कुठला फाटा? मला तुझा लाल दिवा वळताना दिसला, मी वळलो."

उस्ताद हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. तिघांनाही ठाऊक होते की धाकटा आता काय करेल. तो थट्टा सगळ्यांची करायचा, पण नियम मोडायचा नाही. खांब नाही, सरळ.

"दोर घेऊन माझ्यामागे ये," वहिनी दादाला म्हणाली. "आणि फाट्यावर थांब. मी हाक मारेपर्यंत, काही झालं तरी, तिथून हलू नकोस."

उस्ताद स्वतःच्या चाक काढलेल्या गाडीकडे बघत राहिला.

चढावर मागचे चाक घसरत होते. ती दुसऱ्या गिअरमध्ये राहिली आणि एवढ्याच गोष्टीकडे लक्ष देत राहिली: चाक, दगड, चाक, दगड. तरी मधे सासूबाईंचा आवाज यायचा. मग आणखी वाईट काहीतरी यायचे, अजून न झालेला एक फोन, आणि तो करताना आपण पहिले वाक्य काय बोलणार. वरून गाडी येत असेल तर? येऊ दे, तिने मनात म्हटले, समोरून येऊ दे, आदळू दे हवी तर. समोरून कोणी आले नाही.

फाट्यावर ती उतरली आणि वाकून पाहिले. चिखलात उस्तादाच्या, तिच्या नि दादाच्या चाकांच्या खुणा उजवीकडे वळल्या होत्या. त्यांना ओलांडून एक ताजी खूण सरळ गेली होती. कुठेही डगमग नव्हती.

खाणीच्या वाटेवर ती गाडी चालवत थोडीच गेली. पुढची जमीन दिसेना, तेव्हा तिने इंजिन बंद केले आणि चालू लागली. बंद केल्याबरोबर खालचे पाणी ऐकू आले. ते फार खाली होते. तिने हाक मारायला तोंड उघडले आणि मारली नाही. उत्तर आले नाही तर काय, याची तिला भीती वाटली.

मग हॉर्न वाजला. अगदी बारीक, दबकत वाजवल्यासारखा.

पुलाची सुरुवात शिल्लक होती: दोन्ही कडांना लोखंडी खांब, मधे लाकडी फळ्या. फळ्या संपल्या होत्या तिथे धाकटा गाडीवर बसला होता. पुढचे चाक पुलाबाहेर हवेत होते. इंजिनाचे पोट तुटक्या तुळईवर टेकले होते, आणि गाडी तेवढ्यावर तोलून राहिली होती. अंगात काळा रेनकोट. तो मागे वळून बघत नव्हता.

"कोण आहे?"

"मी."

"वहिनी, फळीवर येऊ नकोस. हलतंय सगळं."

"पाय टेकतायत?"

"डावा टेकतोय. उचलला की ही पुढे जाते. मागे सरकलो की करकरतं." त्याचा आवाज सपाट होता. "मी बराच वेळ असाच आहे. पाय थरथरायला लागलाय. तोच थांबेना."

असा पाय ती रोज बघायची. थकलेला स्नायू थरथरायला लागला की ऐकत नाही, आणि मग एकदम सोडतो.

"दादा दोर घेऊन फाट्यावर येतोय," ती म्हणाली.

"किती वेळ लागेल?"

तिने मागे पाहिले. धुके, आणि कसलाच आवाज नाही. ती पोटावर झोपली आणि फळ्यांवरून सरपटत पुढे गेली. लाकूड ओले होते, खाली फटींतून वारा लागत होता. तिने दोन्ही बूट लोखंडी खांबामागे अडकवले आणि हात लांब करून मागचा कॅरिअर पकडला.

"धरलंय. आता हँडल सोड. पाय टेकूनच राहू दे, ढुंगण मागे आण. सीटवरून, मग बॅगेवरून. उठायचं नाही."

"तुला पेलणार नाही."

"धाकट्या, बोलू नकोस. ये."

तो आला. इंचाइंचाने. प्रत्येक वेळी तुळई करकरली आणि गाडीचे शेपूट तिच्या हातात वर उचलू लागले. तिने छाती फळीला दाबून धरली. त्याची पाठ तिच्या तोंडाशी आली, ओल्या रबराचा वास आला, मग त्याचा सगळा भार तिच्या मनगटांवरून फळीवर घसरला. तिने कॅरिअर सोडला. गाडी जराशी थांबली, जणू तिचे अजून ठरले नव्हते, आणि गेली. आवाज यायला वेळ लागला.

ते दोघे सरपटतच मागे आले आणि मातीवर बसले. धाकट्याचा डावा पाय आपोआप उडत होता. तिने त्यावर हात दाबून ठेवला.

"फाट्यावर कोणी नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून सरळ आलो."

"मी होते. निघून गेले."

"का?"

"जाकीट दिसलं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने स्वतःच्या काळ्या बाहीकडे पाहिले. "मी दिलं ना त्याला," तो म्हणाला. "थंडीनं निळा पडला होता." तो हसू लागला आणि हसणे मधेच रडण्यात गेले. "दादाला सांगू नको."

"कशाबद्दल?"

"रडलो त्याबद्दल."

तिच्या गाडीवर बसायला दोघांचीही तयारी नव्हती. ती गाडी ढकलत फाट्याकडे निघाली, धाकटा तिच्या खांद्याला धरून लंगडत होता. ढग तसाच होता. वाटेच्या टोकाशी नारिंगी डाग दिसला, स्थिर, आणि त्यामागे इंजिनाची घरघर.

वहिनी थांबली. तिने धाकट्याला हाताने मागे अडवले.

"काय झालं?"

"हेल्मेटची काच वर कर," ती समोर ओरडली. घरघरीत ते पोचले नसावे. डाग हलला नाही.

"वहिनी, दादाच आहे की."

"असू दे. काच वर करू दे."