मेण भरलेली शिट्टी

मित्रांनो, मी बोटाएवढी एक जुनी शिट्टी आहे. बांबूची, धुराने काळी पडलेली. चीनमधल्या गाओलिगोंग डोंगराच्या उतारावर, जिथे ढग उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी येऊन बसतात, तिथे माझा जन्म झाला. आकाय नावाच्या लिसू जमातीच्या शिकाऱ्याने थंडीत तोडलेल्या बांबूचे एक पेर घेतले, त्याला तिरपी खाच पाडली आणि फुंकर मारली. मी नुसती फुसफुसले.

"म्हशीला पडसं झालंय," आकाय म्हणाला आणि मला पुन्हा कोरत बसला. सातव्या दिवशी माझ्यातून डोंगरतित्तराची शीळ निघाली, आणि ओढ्यापलीकडून खऱ्या तित्तराने तिला उत्तर दिले. तेव्हापासून मला माझ्या गळ्याची घमेंड चढली.

आमच्याकडे महिन्यांना नावे असतात. एक फुलांचा महिना, त्याच्यामागून पाखरे बोलण्याचा, आणि थंडीत शिकारीचा. शिकारीच्या महिन्यात मी आकायच्या ओठांवर असे. पाखरे बोलण्याच्या महिन्यात मात्र तो मला चुलीवरच्या तुळईला टांगून ठेवी. कुणी हात लावला तर जळते लाकूड उगारी. मी वर धुरात डुलत राही, बाहेर सारा डोंगर शीळ घालत असे, आणि मला अर्धवट झोपेत वाटे की ते सगळे मलाच बोलावत आहेत. खरे सांगते, मित्रांनो, माझ्या हाकेने जीव गमावलेल्या तित्तरांची मला कधी दया आली नाही. ती माझे गाणे ऐकायला येतात असेच मी समजत होते.

पुढे शिकार बंद झाली. आकायने मधमाश्या पाळल्या. त्याची मुलगी आना हिने रानातल्या झऱ्याखाली छोटे पाणवठे केले आणि समोर पाने व हिरवे कापड लावून एक लपण बांधले. दूरच्या शहरांतून लांबलचक कॅमेरे घेऊन माणसे येऊ लागली. काल ज्या पाखरांना मारत होते त्यांना पाहायला लोक हजारो कोस येतात, याचे आकायला हसू येई. माझी कुणाला आठवण नव्हती. कोळ्याने माझ्या तोंडात घर केले होते.

मग एका वर्षी, पाखरे बोलण्याच्याच महिन्यात, शांघायचे शूकाका आले. सारी हयात त्यांनी शिंपीकाम केले होते. डोंगरतित्तरासाठी त्यांची ही तिसरी फेरी होती आणि डॉक्टरांनी सांगितले होते की यापुढे डोंगर चढायचा नाही. चार दिवस ते लपणात बसले. खारी आल्या, कस्तुर आले, धुके आले. तित्तर काही आले नाही.

"आना, माझं नशीबच उसवलेलं आहे गं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आनाने वडिलांना विचारले, "आबा, शिट्टी खाली काढू?"

"पाखरू काय घरजावई आहे, हाक मारली की यायला? हा महिना कोणता?"

"तो नियम मारण्यासाठी होता आबा. आपण नुसता फोटो काढणार."

"पाखराला काय माहीत, पलीकडं कॅमेरा आहे का बाण?" आकाय म्हणाला आणि मक्याच्या भातात मान घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो नदीपलीकडे भाचीच्या लग्नाला गेला. आनाने मला खाली काढले, बाहीने पुसले आणि लपणात नेले. किती वर्षांनी मला श्वास मिळाला! मी जीव ओतून शीळ घातली. नेच्यांतून नर तित्तर धावत आला. पिसे फुलवून तो पाणवठ्याभोवती फिरला, लपणाच्या कापडापर्यंत आला, दुसरा नर शोधत राहिला. शूकाकांच्या डोळ्यांत पाणी आले. "आणखी एकदा," ते म्हणाले. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तीन दिवस तो नर माझ्याशी भांडत होता. मादीही घाबरून त्याच्यामागे हाका मारत फिरत होती. मी मात्र आनंदात होते.

तिसऱ्या दुपारी आकाय परतला. वाटेतच त्याने माझा आवाज ओळखला. तो लपणाकडे आला नाही, आधी झऱ्यावरच्या उन्मळलेल्या झाडाच्या मुळांकडे गेला. आला तेव्हा त्याच्या टोपीत चार पांढरी अंडी होती.

"हात लाव," तो आनाला म्हणाला.

आनाने हात लावला. अंडी गार होती.

"तुम्हाला घरटं ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही आबा?"

"घरट्याची जागा तोंडाने बोलायची नाही, असं बापानं शिकवलं होतं. म्हणून गप्प बसलो." आकायने टोपी जमिनीवर ठेवली. "शिकाऱ्याचं शहाणपण! तुला तरी सांगायला हवं होतं."

शूकाकांनी कॅमेऱ्यावर झाकण बसवले.

घरी आकायने चाकू काढला. "चिरून टाकतो हिला."

"नको," आना म्हणाली. "वाजवणारी मी होते. मेण द्या." तिने आकायच्या पोळ्यातले मेण चुलीवर पातळ केले आणि थेंब थेंब माझ्या घशात ओतले. ते गरम होते, त्याला मधाचा वास होता. मी रडले असते, पण रडायलाही मला वाट उरली नव्हती.

आता मी लपणाच्या खांबाला टांगलेली असते. पाहुणे मला ओठांना लावून पाहतात. "मुकी आहे ती," आना सांगते, आणि त्यांना थांबायला शिकवते.

परवा पहाटे धुक्यात नर तित्तर बोलला. सवयीने माझे सारे अंग उत्तर द्यायला उठले, पण आवाज फुटला नाही. म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, मी पुढे काय होते ते ऐकले. तो थांबला. बराच वेळ नुसते पाणी ठिबकत होते. मग वरच्या नेच्यांतून, अगदी हळू, मादीने उत्तर दिले.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये जो शांत वेळ असतो, तो जपा. जन्मभर मी त्यात बोलत राहिले. तो माझा नव्हता.