सुतळीनं चढवलेलं शिखर

मी एक जुनी स्कीची जोडी आहे मित्रांनो, आणि राहते छत्रपती संभाजीनगरात, जिथं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो. हसू नका!

माझा जन्म परदेशातला. लाकडी गाभा, पोलादी कडा, गुळगुळीत तळ. पुढं मनालीच्या एका दुकानातून मी भाड्यानं जाऊ लागले. येईल तो पर्यटक माझ्यावर उभा राहून आपटायचा आणि दोष मलाच द्यायचा. अखेर कोपऱ्यात धूळ खात पडले. तिथून मला करुणानं उचललं. ती वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर काम करते. रजा साठवून साठवून तीन हिवाळे ती माझ्यावर तोल सांभाळायला शिकली. यंदा मार्चमध्ये म्हणाली, आता शिखर!

सोबत निघाले तिचे वडील, कन्नड तालुक्यातले शेतकरी पुंडलिकराव. "पोरगी कुठं घसरती, बघू तरी," म्हणाले. शिखर साधंच होतं, मनालीजवळचं. रुंद पाठीचं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. वाटाड्यानं मात्र बजावलं, "बारा बजे तक पहुँचे तो ठीक, नहीं तो वापस. धूप में बर्फ ढीली पड़ती है."

चढताना माझ्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, म्हणजे मी मागं घसरत नाही. पहाटेच निघालो; पुंडलिकराव आणि वाटाड्या पायी. काय तो गारठा, काय ती करकर! शिखर हाकेच्या अंतरावर आलं आणि उजवी पट्टी निखळली. गेल्या वर्षी करुणानं ती ओलीच गुंडाळून ठेवली होती. तिचा चिकटपणाच गेला होता. एक पाऊल पुढं टाकावं, तर दोन मागं. सव्वाअकरा वाजले होते. करुणाचे डोळे भरून आले.

"अण्णा, संपलं. माझीच चूक."

"थांब की जरा." पुंडलिकरावांनी पाठीवरच्या गाठोड्याची जाड सुतळी सोडली, बधिर बोटांनी माझ्याभोवती आडवे वेढे घातले आणि गाठ आवळली. "चिखलात टायरला दोर बांधतोच की आपण. चढ आता!"

सुतळी बर्फात रुतली. मी चढले! बाराला दहा कमी असताना आम्ही माथ्यावर होतो. चहूकडं पांढरंशुभ्र. पुंडलिकराव टोपी हातात घेऊन नुसते बघत राहिले. "लई मोठं हाय गं हे," एवढंच बोलले.

मग करुणानं सुतळी सोडली, डावी पट्टीही काढली आणि आम्ही सुसाट सुटलो! वळण, पुन्हा वळण, कडांखालून बर्फाचे फवारे, करुणाची आनंदानं फुटलेली किंकाळी. वरून हाक आली, "दमानं बाई, दमानं!" आणि थोड्या वेळानं अण्णा स्वतःच बसून घसरत आले, "सरका, सरका!" ओरडत.

त्या संध्याकाळी करुणानं मला पुसलं, कडांना तेलाचा हात लावला, पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या. मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना ओल लागली तरी सांगता येत नाही, गंज चढला तरी रडता येत नाही. घरी कितीही दमून या, आधी आम्हाला कोरडं करा, मग खुशाल जेवायला बसा. दिवसभर तुमचं वजन आम्ही पेललेलं असतं.