दीपस्तंभ दिसलाच पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेऱ्याचा स्टँड आहे. लाकडाचे तीन पाय, पितळेचे स्क्रू आणि डोक्यात राग. राग पूर्वी नव्हता. तो कसा आला ते सांगतो, आणि माझं सांगून होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

एका सुताराने मला बनवलं. रंधा मारताना तो म्हणाला होता, "हा डुगडुगला तर माझं नाव बदला." मी आजवर डुगडुगलो नाही. समुद्राकाठच्या बागेत फोटोकाकांबरोबर मी तेहतीस वर्षं उभा राहिलो. काका तिथले फोटोग्राफर. त्यांना खरं नाव असेलच, पण त्यांची बायकोसुद्धा "अहो फोटोवाले" अशीच हाक मारायची.

काकांचे नियम ठरलेले. ऊन तिरपं असेल तेव्हाच काम. समुद्राची रेघ सरळ हवी. "रेघ वाकडी आली की समुद्र सांडतो," असं म्हणत ते माझा एक पाय बोटभर खाली घ्यायचे. घरी गेल्यावर आधी माझे पाय गोड्या पाण्याने पुसायचे, मग स्वतःचे धुवायचे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मागे दीपस्तंभ दिसलाच पाहिजे. "लोक कुठे येऊन गेले ते कळायला नको?" नवरा-नवरी असोत की रडणारं तान्हं बाळ, मागे दीपस्तंभ! याच नियमाने घात केला.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. काकांकडे कोणी फिरकेना. मी दाराआड गेलो आणि माझ्यावर छत्र्या लटकू लागल्या.

यंदा बागेच्या टोकाला, खडीत, टिटवीने चार अंडी घातली. काकांनी मला बाहेर काढलं आणि घरट्यापासून तीस पावलांवर उभं केलं. तीन सकाळी नुसतं थांबलो. चौथ्या सकाळी तिरप्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसली, तिची लाल चोच चमकली आणि काकांनी बटण दाबलं. असा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. मागे दीपस्तंभ होताच.

काकांच्या लेकीला इतका आनंद झाला, की तिने तो फोटो मोबाइलवरून जगभर पाठवला. "बाबा, चार हजार लोकांनी बघितला!"

आता फोटोत दीपस्तंभ आणि त्याच्या डावीकडचं मोडकं बाक दिसल्यावर जागा शोधायला काय अक्कल लागते? रविवारी झुंड आली. कोणी बायकोला म्हणत होता, "अजून जवळ जा ना!" टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. एक बाई म्हणाली, "किती गोड ओरडते!" गोड? अहो, तिचा जीव तुटत होता! अंडी खडीच्याच रंगाची. एका बुटाखाली तीन गेली. बुटाला डोळे नसतात, पण बुटातल्या माणसाला होते ना?

काका धावत आले. "मागे व्हा! सगळे मागे व्हा!"

"बाग काय तुमच्या बापाची आहे?" बूटवाला म्हणाला.

काका उरलेल्या अंड्यापुढे आडवे उभे राहिले. लेक रडायला लागली. "माझंच चुकलं, बाबा."

"तू नुसता पाठवलास गं. पत्ता मीच घातला होता त्यात."

उरलेल्या अंड्याभोवती काकांनी काठ्या रोवल्या, दोरी बांधली आणि वाटेच्या बाजूला मला खडीत घट्ट बसवलं. "हा डुगडुगत नाही," ते लेकीला म्हणाले. रोज सकाळ-संध्याकाळ दोघं दोरीबाहेर पहारा द्यायची. मी तर अठरा दिवस तिथेच. खाऱ्या वाऱ्याने पितळ हिरवं पडलं, एक पाय कायमचा अडकला. एका दीडशहाण्याने माझ्यावर टोपी घालून स्वतःचा फोटो काढला. मी हललो नाही.

एकोणिसाव्या सकाळी अंडं फुटलं. पिल्लू उठलं, पडलं, पुन्हा उठलं. ते मात्र चांगलंच डुगडुगत होतं. चालत चालत माझ्या सावलीत येऊन बसलं.

काकांच्या गळ्यात कॅमेरा होता. लेक हळूच म्हणाली, "बाबा, ऊन तिरपं आहे."

काकांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं नाही.

मित्रांनो, समुद्रावर जा, खुशाल फोटो काढा. रेघ सरळ ठेवा, ऊन बघा. पण त्याआधी पायाखाली बघा, आणि ज्याचं घर आहे त्याला विचारता येत नसेल, तर त्याचा पत्ता गावभर करू नका. त्या पिल्लाचा फोटो आमच्याकडे नाही. मागायला येऊ नका.