हाराची पाळी

धोंडूबाईंनी हाराची गाठ मारली, ओढून पाहिली आणि पुन्हा सोडली. समोर रीमा मान खाली घालून मोगऱ्याच्या कळ्या सुईत ओवत होती. सासू-सून सकाळपासून ओटीवर बसल्या होत्या, पण दोघींत चार शब्द झाले असतील तर शपथ.

अंगणात चपला वाजल्या. देवळाच्या सप्त्याचं सगळं बघणारा बळीराम पायरीखालीच थांबला. एरवी हा माणूस चहा मागूनच ओटीवर चढायचा.

"वयनी, हार झाला काय?"

"होतोय. वर ये ना, च्या टाकते."

"नको. लय कामं हायत." त्याने रीमाकडे पाहिलं आणि लगेच नजर जास्वंदीच्या झाडाकडे वळवली. "एक सांगायचं व्हतं. आज पाळी तुमच्या घरची. तर धनेश एकटाच घालील हार. सूनबाई बसतील."

रीमाची सुई कळीत अडकून राहिली.

"असं कोन बोलला?"

"कोन एक बोलतो का, वयनी? गाव बोलतो. बुवा मोठे, बाहेरची मानसं येनार. तुमच्या स्वप्नालीच्या सासरची पन येनार. उगीच कोनी हसायला नको."

त्यांच्या गावात कीर्तनाच्या मध्यंतराला बुवांना हार घालायचा मान रोज एका घराचा असे. त्या घरचं जोडपं उठायचं, बुवांना हार घालायचं, बुक्का लावायचं आणि मग तोच बुक्का सगळ्या मांडवाला वाटायचं. गावाला कोणाला दोष द्यायचा असला, तर कोणी तोंडाने बोलत नसे. पाळीच्या दिवशी जोडप्यातलं एक उठायचं आणि एक बसून राहायचं. बसलेल्याकडे मांडव बघून घ्यायचा. एकदा असं बसलेलं माणूस पुढे जन्मभर बसलेलंच राहायचं.

"काका बोलतात ते बरोबर आहे, आई." धनेश दारात उभा राहून केसांवरून फणी फिरवत होता. "मी घालतो ना एकटा. त्यात काय एवढं?"

रीमाने मान वर केली नाही. तिने अडकलेली सुई हळूच सोडवली आणि पुढची कळी घेतली.

होळी झाल्यावर एका सकाळी कळंबच्या किनाऱ्यावरच्या कॉटेजमधून रीमा बाहेर पडताना बळीरामच्या बायकोला दिसली होती. तिने पाहिलं ते एवढंच. आत कोण होतं ते कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून गावाने आपल्या मनानेच एक परका पुरुष आत नेऊन बसवला.

आत पुरुष होता. तो धनेश होता, आणि त्याच्याबरोबर त्याच्या ऑफिसातली कोणी बाई होती. रीमा नवऱ्याला घरी आणायला गेली होती.

हे धोंडूबाईंना ठाऊक होतं. त्याच दुपारी त्या मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होत्या. खोलीतला आवाज दबका होता, पण पडवीची भिंत पातळ. "आईंना कळू देऊ नका," रीमा धनेशला म्हणत होती. "स्वप्नालीचं लग्न नीट पार पडू दे. मला काय बोलायचं ते बोलू दे लोकांना." धोंडूबाईंचा हात क्षणभर थांबला होता. मग सूप पुन्हा हलू लागलं. मुलगा म्हणजे घराचं नाव. मुलीचं लग्न वैशाखात. आणि सून काय, बाहेरून आलेली.

सूनही काही बोलत नव्हती, सासूही नाही. दोघी एकाच चुलीवर भाकऱ्या भाजत होत्या.

दिवेलागणीला मांडव भरला. धोंडूबाईंनी जन्मात कीर्तन चुकवलं नव्हतं. झांजा वाजल्या की त्यांची मान आपोआप डोलायची, बुवांच्या आधी त्यांच्याच तोंडून चरण बाहेर पडायचा. आज त्या बायकांच्या पहिल्या रांगेत, मधल्या वाटेला लागून बसल्या होत्या. वाटेपलीकडे पुरुषांत, हाताच्या अंतरावर, नवा झब्बा घातलेला धनेश. धोंडूबाईंच्या दुसऱ्या बाजूला स्वप्नालीची होणारी सासू, विरारच्या लतिकाताई. रीमा हाराचं तबक मांडीवर घेऊन मागे खांबाशी बसली होती.

"सूनबाई मागे का बसल्यात?" लतिकाताईंनी विचारलं.

"तिचं काम हाय तिकडं," धोंडूबाई म्हणाल्या.

चंद्रहासबुवा रंगात आले होते. दुपारीच डोंबिवलीहून आलेला माणूस, त्यांना गावातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. "माय हो," ते म्हणाले, "आमच्या चाळीत एक काकू होत्या. त्यांना देवाचं नाव घे म्हटलं की घसा बसायचा. शेजारणीचं नाव घे म्हटलं की घसा मोकळा!" मांडव खळखळून हसला. बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि आवाज खाली आणला. "हसा, हसा. पण एक सांगा. माणूस गेलं की तेराव्याला सगळं उरकतं. जित्या माणसाचं नाव मारलं, तर त्याचं सुतक कोणी धरायचं? मारणाऱ्यानं? की कडेला बसून बघणाऱ्यानं?"

असं कितीदा ऐकलं होतं धोंडूबाईंनी. दरवेळी 'खरं हाय गो माय' म्हणून मान हलवली होती. आज मान हलेना.

टाळकऱ्यांनी नामाचा गजर धरला. बळीरामने माईक हातात घेतला.

"आजची हाराची पाळी... धनेश, या पुढं."

धनेश झब्बा झटकून उठू लागला. त्याच्या झब्ब्याची कड कोणीतरी धरली होती. त्याने वळून पाहिलं.

"आई, सोड."

"बस."

"काय करतेस? सगळे बघतात."

"बगू दे. बस बोलले ना मी." धोंडूबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण जवळचा टाळ थबकला, मग त्याच्या शेजारचा. "तू नाय उठायचा. रीमा, हार घेऊन जा गो."

"वयनी," बळीराम माईक बाजूला धरून कुजबुजला, "आपलं ठरलं व्हतं..."

"पाळी माज्या घरची. कोन बसायचा ते मीच सांगनार."

धनेश गुडघ्यांत अर्धवट वाकलेला राहिला आणि मग खाली बसला. आत्तापर्यंत मागे खांबाकडे वळणाऱ्या माना हळूहळू पुढे आल्या आणि त्याच्यावर येऊन थांबल्या. लतिकाताईंनी बाजूला ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. धोंडूबाईंनी ते पाहिलं, पण झब्ब्याची कड सोडली नाही.

रीमा उठली. बायकांनी पाय आवरून तिला वाट दिली. तिने बुवांच्या गळ्यात हार घातला, बुक्का लावला. बुवांनी हात जोडले. मग तबक घेऊन ती बायकांच्या रांगेकडे वळली. रांगेच्या टोकालाच बळीरामची बायको होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि कपाळ पुढे केलं. मग पुढचीने, मग तिच्या पुढचीने. लतिकाताईंनीही बुक्का लावून घेतला, पण त्यांची नजर धनेशवरून हलली नाही.

रीमा धोंडूबाईंसमोर आली. गजर टिपेला पोचला होता, त्यामुळे ती जे बोलली ते दोघींपलीकडे कोणाला ऐकू गेलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

धोंडूबाईंनी वर पाहिलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी असेल असं त्यांना वाटलं होतं. डोळे कोरडे होते.

"कधीपासून, आई?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. 'आज कळलं' म्हटलं असतं, तर चाललं असतं.

"त्याच दुपारपासून," धोंडूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.

रीमाचं बोट बुक्क्यात बुडालं आणि तिथेच राहिलं. मागच्या बायका आपली पाळी कधी येते म्हणून माना उंचावून पाहू लागल्या. धोंडूबाई सगळ्या मांडवासमोर वाकलेल्याच राहिल्या.