अकरा केस आणि एक गोगलगाय

केस गळत चाललेला म्हातारा कुंचला तुम्ही कधी पाहिला आहे का, मित्रांनो? तो मीच. माझे अकरा केस उरले होते, आणि मी ते रोज मोजत असे. काय करणार, स्वभावच काळजीचा!

कारखान्यात एका कारागीर बाईने माझे केस जुळवले, दोऱ्याने आवळले आणि पितळी कड्यात घट्ट बसवले. मला वाटले, आता फुले-पाखरे रंगवायची. पण मला विकत घेतले समुद्री गोगलगायींचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी. रंग राहिले बाजूला, माझ्या नशिबी आला चिखल!

जिथे सूर्याचा उजेड पोचत नाही, अशा खोल समुद्रतळाचा गाळ डब्यांतून आमच्या प्रयोगशाळेत येतो. त्यात तिळाहून लहान शंख असतात. चिमट्यात धरले की त्यांचा चुरा होतो. मी मात्र माझ्या ओल्या टोकाने त्यांना अलगद उचलत असे. "याच्यासारखा हलका हात माणसालाही नाही," असे बाई म्हणाल्या, तेव्हा मला अगदी धन्य वाटले.

बाईंची एक शिस्त होती. काम संपले की त्या मला काळ्या वाटीतल्या पाण्यात धुवायच्या आणि पाणी ओतण्याआधी ते भिंगाखाली बघायच्या. "पांढरा शंख पांढऱ्या वाटीत दिसणार कसा?" त्या विचारायच्या. निवृत्त होताना त्यांनी मला आणि वाटीला आपल्या विद्यार्थिनीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या हवाली केले.

ताई कामाला वाघ, पण भारी घाईच्या. मला सरळ नळाखाली धरायच्या. वाटीत टाचण्या येऊन बसल्या. माझे केस गळू लागले, नवे कुंचले आले आणि मी खणात मागे सरकलो.

मग एका डब्यातून एकच शंख निघाला. तिळाच्या निम्म्याएवढा, काचेसारखा पांढरा, तोंडाशी एकुलता एक दात. ताईंनी दोन वर्षे जगभरची पुस्तके धुंडाळली. अशी गोगलगाय कुणीच नोंदवलेली नव्हती! त्यांनी तिला आपल्या बाईंचे नाव द्यायचे ठरवले. पण मित्रांनो, नव्या जातीला नाव देताना ज्या नमुन्यावरून ते दिले, तो जपून ठेवावाच लागतो. शंख गेला तर नावही गेले.

शंख संग्रहालयात द्यायचा आदला दिवस उजाडला. फक्त त्या दाताचे माप राहिले होते. नव्या कुंचल्यांवर भरवसा बसेना, म्हणून ताईंनी मला काढले. टोकाला पाणी जरा जास्तच झाले होते. मी बशीतल्या शंखाला टेकलो मात्र, तो पाण्याबरोबर सरकत थेट कड्याशी जाऊन केसांत अडकला. नेमके तेव्हाच नमुन्यांची कपाटे सांभाळणाऱ्या काकांनी दार ढकलले. वारा आला. ताईंनी मान वळवली आणि पुन्हा पाहिले, तर बशी रिकामी!

"कोणी हलू नका!" ताई ओरडल्या.

काका एक पाय उचललेलाच ठेवून उभे राहिले. "अरे देवा! माझ्यामुळे उडाला का हो, मॅडम?"

मग दोघे गुडघ्यांवर बसून फरशी शोधू लागले. चपलांचे तळवेसुद्धा पाहिले. "तीस वर्षं इथे आहे," काका पुटपुटले, "पण फरशीशी एवढी ओळख आजच झाली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण कुंचल्याचे ओरडणे कोणाला ऐकू येणार? तीन तास गेले. ताईंचे डोळे भरून आले. सवयीप्रमाणे त्यांनी मला उचलले आणि नळाकडे निघाल्या. संपले सगळे, असे मला वाटले. मी त्या शंखाला अकराही केसांनी घट्ट धरून ठेवले.

नळाजवळ त्या थांबल्या. एका हातात मी, दुसऱ्या हाताने त्यांनी फोन लावला.

"बाई, शंख हरवला. तुमच्या नावाचा."

पलीकडून बाईंचा आवाज आला, "रडणं नंतर. कुंचला धुतलास का?"

"नाही अजून."

"नळाला हात लावू नकोस. काळी वाटी कुठे आहे?"

ताईंनी जीभ चावली. काकांनी टाचण्या टेबलावर ओतल्या आणि वाटी पुसून, पाणी भरून आणली. ताईंनी मला हळूच बुडवले. काळ्या वाटीत एक पांढरा ठिपका सावकाश तळाशी गेला. त्यांनी भिंगाखाली पाहिले. शंख अख्खा होता, दातही जागेवर होता.

"अगं, बोल की काहीतरी!" फोनमधून बाई ओरडत होत्या. ताईंचा डोळा भिंगावरून हलेना. शेवटी काकांनीच फोन घेतला. "सापडलात हो, बाई!"

आज ती गोगलगाय बाईंच्या नावाने संग्रहालयाच्या कपाटात आहे. माझे नाव कुठेच नाही. त्या गडबडीत माझा एक केस वाटीत राहिला, आता दहाच उरले आहेत. पण मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू किंवा मोठ्यांनी लावलेली जुनी सवय टाकायची वेळ आली, तर आधी तिला एकदा उजेडात धरून नीट बघा. ताई आता मला रोज काळ्या वाटीत धुतात आणि पाणी ओतण्याआधी भिंगाखाली बघतात. टाचण्यांसाठी त्यांनी वेगळी डबी आणली आहे.