माझ्या रकान्यातलं ‘नाही’

नवऱ्याने विम्याच्या फॉर्मवर माझ्या रकान्यात अकरा वेळा ‘नाही’ लिहिलं, तेही मला न विचारता. मी त्याच्यापासून चार हातांवर, ओट्यापाशी कपबशा विसळत उभी होते.

“झालं. दादाला पाठवला,” तो म्हणाला.

दादा म्हणजे माझे मोठे दीर. मायदेशी तीस वर्षं विमा कचेरीत काढून निवृत्त झाले. आमच्या घरात कुणाचाही फॉर्म त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. आम्ही सातासमुद्रापलीकडे आलो तरी हे चालूच. इथे नवऱ्याने लिफ्टदुरुस्तीची नवी नोकरी धरली आणि जुन्या कंपनीचा आरोग्यविमा संपला. आता आपला आपण घ्यायचा होता. दोन पॉलिसी समोर होत्या. स्वस्तातली अकरा प्रश्न विचारायची, हो की नाही, बस्स. खरंखोटं दावा केल्यावर तपासायची. महागातली आधीच सगळं खोदून विचारायची. दिरांनी अर्थातच स्वस्तातली पसंत केली होती.

सातवा प्रश्न होता: कधी फिट आली आहे का?

पंधरा ते एकोणीस वर्षांची असताना मला फिट यायच्या. आई शेजारीपाजारी ‘अशक्तपणा’ म्हणून सांगायची. लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, “आता बंद झाल्यात ना? मग तोंड उघडायचं नाही.” नाही उघडलं. दोन वर्षं मूग गिळून बसले.

गेल्या महिन्यात पुन्हा आली. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. कपडे बदलायच्या खोलीत पडले, कपाळाला टेंगूळ आलं, आणि घरी येऊन ‘पाय घसरला’ म्हणाले. तेव्हापासून मेण वितळवायच्या बर्नरजवळ जायची भीती वाटते. डॉक्टर हवा होता, तपासण्या हव्या होत्या, आणि विम्याशिवाय इथे दवाखान्याची पायरी चढायची सोय नाही.

दिरांचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी सासूबाईही होत्या.

“छान. सगळीकडे ‘नाही’,” दीर म्हणाले. “ असाच भरायचा असतो फॉर्म.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“भाऊजी, सातव्याला हो लिहायचंय. मला फिट येतात. गेल्या महिन्यातही आली.”

सासूबाईंनी चष्मा काढला. “लग्नाआधीपासून?”

“हो, आई. लग्नाआधीपासून.”

दीर खाकरले. “हे बघ, लिहू नकोस. कोण बघायला येतंय? घरातली गोष्ट घरात राहू दे.”

“तुम्हीच यायचात ना बघायला! आजार लपवला म्हणून किती दावे फेटाळलेत, ते जेवताना रंगवून सांगता की आम्हाला!”

फोन बंद झाला. त्यांनी केला की मी, आता आठवत नाही.

नवरा लालबुंद झाला होता. “दोन वर्षं मला सांगितलं नाहीस. आणि आज सांगितलंस ते दादासमोर?”

“मान वर करून एकदा विचारलं असतंस, तर तुला सांगितलं असतं.”

“लपवलंस तू, आणि विचारायचं मी?”

त्याचं खरं होतं. म्हणून तर मला आणखीच चीड आली. आईची आली, दिरांची आली, आणि पाय घसरला म्हणणाऱ्या माझ्या जिभेची सगळ्यात जास्त आली. मी लॅपटॉप ओढला आणि महागातल्या पॉलिसीचा फॉर्म उघडला.

“ते फिटचा खर्च वगळतील,” तो म्हणाला. “नाहीतर हप्ता वाढवतील.”

“वाढवू देत. वगळलं तर तेवढ्यापुरता खिशातून करू. पण उद्या माझं हाड मोडलं आणि त्यांनी खोटं पकडून अख्खी पॉलिसीच रद्द केली, तर दादा येणार आहेत का निस्तरायला?”

मी सगळं लिहिलं. पहिली फिट, औषधाचं नाव, ते कुणी बंद केलं, गेल्या महिन्यातली तारीख. आयुष्यात पहिल्यांदा हे सगळं एका जागी लिहिलं जात होतं, आणि वाचणार कोण, तर कुठला तरी अनोळखी कारकून. रागाने डोळ्यांत पाणी आलं. फॉर्म पाठवून दिला, कुणाच्याही नजरेखालून न घालता.

नवरा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. मग तसाच, न वळता म्हणाला, “आली तर मी काय करायचं?”

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही, तिला फक्त दार लावून घ्यायचं सुचायचं.

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाले.

“कुशीवर वळवायचं. असं. तोंडात चमचाबिमचा घालायचा नाही, नाकाला चप्पल लावायची नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका.”

तो गुडघ्यांवर बसला. माझ्या खांद्याखाली हात घातला. मला वळवलं आणि तसाच बघत राहिला.

“घड्याळ बघ म्हटलं ना,” मी खेकसले, “माझ्या तोंडाकडे काय बघतोस!”